थोरवाल्डसनची ‘रात्र’ आणि ‘दिवस’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे कोपनहेगनला पाहुणे आले की पहिल्या दिवशी इथली प्रसिद्ध जलपरीची मूर्ती दाखवून होते आणि "एवढीशीच?" हे ऐकूनही होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना थोरवाल्डसन संग्रहालयात नेते. तिथे दोन गोल संगमरवरी उठावशिल्पं आहेत, म्हणजे सपाट पाटीवर उठावात कोरलेली शिल्पं, ‘रात्र’ आणि ‘दिवस’. त्यांच्यासमोर उभं राहून काका, मावश्या, भाचरं आणि नवऱ्याचे कॉलेजमधले मित्र जे प्रश्न विचारतात, ते एव्हाना पाठ झाले आहेत. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

हा थोरवाल्डसन कोण?

बर्टेल थोरवाल्डसन, डॅनिश शिल्पकार, जन्म 1770 सालचा, कोपनहेगनचाच. वडील मूळचे आइसलँडचे. जहाजांच्या पुढच्या टोकावर लाकडी मूर्ती असायच्या, त्या कोरून ते पोट भरत. घरची परिस्थिती बेताची. मुलाचा हात चांगला आहे हे लवकर दिसलं आणि अकराव्या वर्षीच तो कला अकादमीत दाखल झाला. 1793 मध्ये त्याला अकादमीचं मोठं सुवर्णपदक मिळालं, त्याबरोबर परदेशी जायची शिष्यवृत्तीही. 1796 मध्ये तो जहाजात बसला आणि माल्टा, पालेर्मो, नेपल्स असं करत करत 8 मार्च 1797 ला रोमला पोहोचला. पुढे हीच तारीख तो आपला ‘रोममधला वाढदिवस’ म्हणून साजरी करायचा. शिकायला गेलेला मुलगा राहिला चाळीस वर्षं! यावर आमच्याकडे बहुतेक पाहुणे माझ्याकडे बघून गालात हसतात.

नावाचा उच्चार नक्की काय?

डॅनिश माणूस ‘तोर्वाल्सन’च्या जवळपास काहीतरी म्हणतो. तुम्ही थोरवाल्डसन म्हणा, कुणी हसणार नाही. डॅनिश लोकांना परक्यांनी चुकीचे उच्चार केलेले ऐकायची सवय आहे.

उठावशिल्प म्हणजे अर्धा पुतळाच ना? मग ते पुतळ्यापेक्षा सोपं असणार.

उलट आहे. पुतळ्याला हवी तेवढी जागा मिळते. हात पुढे आला तर तो खरोखरच पुढे येतो. उठावशिल्पात शिल्पकाराकडे जाडी असते बोटभर, फार तर दोन बोटं. तेवढ्यात खांदा, त्याच्यामागचा पंख, त्याच्याही मागची हवा, हे सगळं बसवायचं असतं. कुठला भाग किती दाबायचा आणि कुठला वर ठेवायचा, हा हिशेब चुकला की बाई पोळपाटावर लाटल्यासारखी दिसते.

थोरवाल्डसनची पद्धत अशी की मागची पाटी कोरी सोडायची. झाड नाही, डोंगर नाही, ढग नाही. माणसं बहुतेक बाजूने दाखवायची आणि बाह्यरेषा इतकी चोख ठेवायची की नुसती रेष काढली तरी चित्र पुरं व्हावं. हे त्याने जुन्या ग्रीक आणि रोमन कामातून घेतलं, तसंच जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराच्या रेखाचित्रांतूनही. फ्लॅक्समन हे नाव लक्षात ठेवा, खाली ते परत येणार आहे आणि तेव्हा तुम्हाला गंमत वाटेल.

‘रात्र’मध्ये नेमकं काय बघायचं?

ताटापेक्षा बरंच मोठं, हात पसरून धरावं लागेल एवढं एक वर्तुळ. त्यात पंख असलेली एक बाई तरंगत चालली आहे. मान खाली झुकलेली, केसांत खसखशीची फुलं आणि बोंडं, म्हणजे अफूचीच. कुशीत दोन गाढ झोपलेली बाळं. एक झोप आणि दुसरा मृत्यू, असा त्यांचा अर्थ लावतात. ग्रीक कथेत हे दोघे जुळे भाऊ आणि रात्र त्यांची आई. मागे एक घुबड उडतं आहे.

आता जवळ जा. पायांकडे बघा. पाऊल पावलावर टाकलेलं आहे, गाढ झोपेत आपण टाकतो तसं. ही बाई उडत नाहीये, तिला वाऱ्याने उचलून नेलं आहे. पंख आहेत, पण फडफड नाही. एका मावशींनी बराच वेळ बघून म्हटलं, "ही दमलीये गं. दोन पोरं कडेवर घेऊन." मी या शिल्पाबद्दल वाचलेल्या सगळ्या मजकुरात मला हे वाक्य सगळ्यात नेमकं वाटतं.

मग एक पाऊल बाजूला सरका. समोरून जे पंख जाडजूड वाटत होते, ते कडेने पाहिलं की पाटीत विरघळून जातात. तिचा दंड तेवढा खरोखर वर आलेला आहे, कारण त्यावर बाळाचं डोकं टेकलं आहे. वजन जिथे पडतं तिथेच त्याने दगड शिल्लक ठेवला, बाकी सगळीकडे कंजुषी केली.

आणि ‘दिवस’?

ती जोडीची पाटी. इथे बाई जागी आहे, फुलं उधळते आहे, आणि तिच्याबरोबर मशाल घेतलेला एक मुलगा आहे. काम सुरेख आहे, पण खरं सांगू का, ‘रात्र’ नसती तर ‘दिवस’कडे कुणी इतकं थांबून पाहिलं नसतं. दोन्ही 1815 मधली.

‘रात्र’ म्हणे त्याने एका दिवसात केली. खरं?

जुन्या चरित्रांतून ती गोष्ट चालत आली आहे: बरेच दिवस मन उदास होतं, हात चालत नव्हता, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी उठून एका दमात ही घडवली. गोष्ट म्हणून छान आहे. पण हे झालं मातीच्या नमुन्याबद्दल. संगमरवर एका दिवसात होत नाही. एका दिवसात फार तर दगड कुठे ठेवायचा हे ठरतं.

म्हणजे दगड त्याने स्वतः कोरला नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी फसवणूक झाल्याचा भाव असतो. तेव्हाची रीत समजून घेतली की तो जातो.

गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलात तर निम्मं काम कळलेलंच असतं. आधी ओल्या मातीत नमुना. उठावशिल्प असेल तर माती उभ्या पाटीवर थापायची आणि बोटांनी, लाकडी कोरण्यांनी घडवायची. माती सुकली की तडकते, म्हणून लगेच त्यावर प्लॅस्टरचा साचा घ्यायचा. साच्यातून माती उकरून काढायची, म्हणजे मातीचा मूळ नमुना तिथेच संपला. मग साच्यात प्लॅस्टर ओतायचं आणि साचा फोडायचा. हाती राहतं ते पांढरं प्लॅस्टर. शिल्पकाराच्या बोटांच्या सगळ्यात जवळचं जे काही टिकतं, ते हेच.

पुढचं काम दगड फोडणाऱ्यांचं. प्लॅस्टरवर खुणेची टिंबं करायची, मापं घ्यायची, आणि इटलीतल्या कर्रारा गावच्या खाणीतून आलेल्या संगमरवरात प्रत्येक टिंबाइतक्या खोलीचं भोक पाडायचं. सगळी भोकं पडली की मधला दगड छिन्नीने उडवायचा. शेवटचा हात फिरवायला कसलेला माणूस लागतो, आणि कधीकधी स्वतः थोरवाल्डसन. रोममध्ये पियाझ्झा बार्बेरिनी या चौकाजवळ त्याच्या कार्यशाळा होत्या आणि तिथे पुष्कळ माणसं राबत. पिएत्रो तेनेरानीसारखे काहीजण पुढे स्वतः नावाजले.

म्हणून ‘मूळ’ कुठलं, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. ‘रात्र’च्या संगमरवरी प्रती एकाहून जास्त आहेत. एक जोडी इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या वाड्यात आहे. ज्याने मागणी दिली, त्याला मिळाली. माझं मत विचाराल तर संगमरवर बघून झाला की त्याच संग्रहालयातली प्लॅस्टरं नीट बघा. दगडात जी घासूनपुसून सारखी केलेली त्वचा असते, ती प्लॅस्टरमध्ये थोडी जिवंत, थोडी खडबडीत असते.

चाळीस वर्षं रोममध्ये का राहिला? घरची आठवण येत नव्हती?

परतणार होता. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि सामान बांधून झालं होतं. 1803 ची गोष्ट. त्याने ‘जेसन’ नावाचा मोठा पुतळा प्लॅस्टरमध्ये केला होता. लोकांनी वाहवा केली, पण संगमरवराचे पैसे द्यायला कुणी पुढे येईना. बरोबर जाणाऱ्या माणसाच्या पासपोर्टात काहीतरी अडलं आणि निघणं लांबलं. तेवढ्यात टॉमस होप नावाचा श्रीमंत इंग्रज कार्यशाळेत आला, ‘जेसन’ पाहिला आणि संगमरवरात करून मागितला. थोरवाल्डसन थांबला.

गंमत पुढेच आहे. ज्या कामामुळे तो रोममध्ये राहिला, ते काम त्याने पुरं केलं 1828 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी! दिवाळीला देतो म्हणून सांगणारे आपले शिंपी बरे. तो पुतळा 1917 मध्ये संग्रहालयाने विकत घेऊन कोपनहेगनला आणला. तुम्ही गेलात की दिसेलच.

खरं कारण मला वाटतं सोपं आहे. रोममध्ये दगड होता, दगड जाणणारे हात होते, बघायला जुनी कामं होती आणि युरोपभरचे राजे-सरदार तिथेच खरेदीला येत. कोपनहेगनमध्ये यांतलं काहीच नव्हतं. 1819 मध्ये तो एकदा मायदेशी येऊन गेला, इथल्या मोठ्या चर्चसाठी ख्रिस्त आणि बारा शिष्यांचं काम घेतलं, आणि ते करायला परत रोमला गेला. तिथे मानही मिळाला. स्वतः प्रोटेस्टंट असून तो सेंट ल्यूक अकादमीचा, म्हणजे रोमच्या कला अकादमीचा, अध्यक्ष झाला, आणि व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये पोप सातवे पायस यांची समाधी घडवायचं काम त्याला मिळालं. कॅथलिक नसलेल्या शिल्पकाराचं तिथलं ते एकमेव काम. रोममधल्या काही मंडळींना ते रुचलं नाही, हे सांगायला नको.

1838 मध्ये डॅनिश नौदलाचं जहाज त्याला आणि त्याच्या पेट्यांना घेऊन आलं. बंदरात होड्यांची ही गर्दी. संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंतींवर तो सगळा प्रसंग रंगवलेला आहे, टोप्या हलवणाऱ्या माणसांसकट. एवढं होऊनही 1841 मध्ये तो पुन्हा वर्षभरासाठी रोमला गेलाच. ज्यांनी दोन देशांत घर केलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

नेपोलियनसाठी त्याने काहीतरी केलं होतं ना?

हो, आणि नेपोलियनने ते पाहिलंच नाही. 1812 मध्ये बादशहा रोमला येणार म्हणून क्विरिनाल राजवाडा सजवायला काढला होता. थोरवाल्डसनला एका दालनाच्या भिंतीवर, वर सगळीकडून फिरणारी पट्टी करायला सांगितली: सिकंदराचा बाबिलोनमध्ये प्रवेश. सुमारे 35 मीटर लांब, आणि मुदत तीन महिन्यांची. ‘जेसन’ला पंचवीस वर्षं लावणाऱ्या माणसाने ही मुदत मात्र पाळली. प्लॅस्टरमध्ये केली म्हणून जमलं. घोडे, हत्ती, मेंढ्या हाकणारे, नदीकाठी गळ टाकून बसलेला माणूस, सगळं आहे त्यात.

बादशहा आला नाही, तो मॉस्कोकडे गेला. पट्टीची संगमरवरी आवृत्ती करायला सांगून झाली होती, तेवढ्यात नेपोलियनचंच राज्य गेलं. अर्धवट काम सोम्मारिवा नावाच्या धनवान संग्राहकाने उचललं आणि पुरं करून कोमो सरोवराकाठच्या आपल्या वाड्यात बसवलं. तो वाडा आज व्हिला कार्लोत्ता म्हणून ओळखला जातो. मिरवणुकीच्या शेवटी सोम्मारिवाने स्वतःला आणि शेजारी थोरवाल्डसनला कोरून घेतलं आहे. पैसे भरले की सिकंदराच्या वरातीतही जागा मिळते.

सगळं इतकं पांढरंफटक का? आपल्या देवळांत कसा रंग असतो.

ग्रीक देवळांतही होता! जुन्या ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असत. पण जमिनीतून निघेपर्यंत रंग उडून गेला होता. अठराव्या शतकात विंकलमन या जर्मन अभ्यासकाने ग्रीक कलेचं वर्णन ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ असं केलं आणि पांढरा संगमरवर म्हणजेच सौंदर्य, ही समजूत युरोपात पक्की झाली. नवअभिजात शैली, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन कलेच्या धर्तीवरची शैली, उभी राहिली ती बऱ्याच अंशी या गैरसमजावर. थोरवाल्डसन तिचा बिनीचा माणूस.

त्याचा इटालियन स्पर्धक कानोवा संगमरवराला असा मऊपणा आणायचा की हात लावावासा वाटतो. थोरवाल्डसनचा दगड दगडच राहतो, थोडा अलिप्त. पुतळ्यांत मला ते कधीकधी कोरडं वाटतं, त्याचा ख्रिस्त सोडून. उठावशिल्पांत मात्र तोच अलिप्तपणा कामी येतो.

संग्रहालय बांधणाऱ्या बिंडेसब्योलने यावर तोडगा काढला. त्याने भिंतीच गडद रंगवल्या: तांबडा, हिरवा, जांभळा. छतावर नक्षी. प्रत्येक लहान खोलीत मधोमध एक पुतळा आणि भिंतीत बसवलेली उठावशिल्पं. पांढऱ्याला उठाव येतो तो त्या रंगांमुळे.

आम्ही स्वित्झर्लंडला दगडात कोरलेला मरणारा सिंह पाहिला. तो याचाच का?

त्याचाच. टूरवाल्यांनी ल्युसर्नला ज्याच्यापुढे वीस मिनिटं दिली, तो सिंह. 1792 मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांचं ते स्मारक. नमुना थोरवाल्डसनचा, आणि कड्यात कोरलं लुकास आहोर्नने, 1821 पर्यंत. तेही उठावशिल्पच, फक्त संगमरवर नाही आणि जाडी बोटांत मोजायची नाही. म्हणजे आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या फोटो-अल्बममध्ये थोरवाल्डसन आधीच आहे, खाली ‘आई-बाबा, स्वित्झर्लंड’ असं लिहून.

आपल्याकडे या शैलीचं काही बघायला मिळतं का?

मुंबईत फोर्टात सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जा. भिंतींवर इंग्रज अधिकाऱ्यांची संगमरवरी स्मारकं आहेत. रडणाऱ्या स्त्रिया, कलश, ग्रीक वस्त्रं. काही चांगली, काही साच्यातली.

पण माझं आवडतं उदाहरण तंजावरचं. तिथल्या श्वार्ट्झ चर्चमध्ये एक संगमरवरी उठावशिल्प आहे. श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी 1798 मध्ये वारला. मरणशय्येवर तो पडला आहे आणि त्याचा हात हातात घेऊन शेजारी उभे आहेत तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले. राजांचं लहानपण श्वार्ट्झच्या देखरेखीत गेलं होतं, आणि हे स्मारक त्यांनीच इंग्लंडहून करवून घेतलं. शिल्पकार कोण? तोच फ्लॅक्समन, ज्याची रेखाचित्रं थोरवाल्डसन गिरवत होता. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांच्या गादीवरचा मराठा राजा, ग्रीक पद्धतीच्या कोऱ्या पाटीवर. कोपनहेगनला येणं जमलं नाही तर निदान तंजावर गाठा. बृहदीश्वर बघून झाल्यावर तिथे जायला फार वेळ लागत नाही.

जावयाने डेन्मार्कहून एक पांढरी गोल थाळी आणली होती. तीवर हीच ‘रात्र’ आहे. मौल्यवान आहे का?

मागे शिक्का बघा. ‘बिंग अँड ग्रन्दाल’ किंवा ‘रॉयल कोपनहेगन’ असेल तर ती बिस्किट पोर्सलीनची, म्हणजे झिलई न दिलेल्या चिनी मातीची प्रत. एकोणिसाव्या शतकापासून या जोडीच्या असंख्य प्रती निघाल्या. घराघरांत टांगल्या गेल्या, दागिन्यांत बसवल्या गेल्या, दफनभूमीतल्या दगडांवरही लागल्या. तेव्हा विकून फ्लॅट येणार नाही. भिंतीवर लावा. धूळ मऊ ब्रशने झटका.

आणि खरा संगमरवर असेल, देवघरातला का होईना, तर त्याला लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर लावू नका. पितळेची सवय असते आपल्याला. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ, आंबट लागलं की त्याची चकाकी जाते आणि नुसतं पुसून परत येत नाही.

संग्रहालय कुठे आहे, किती वेळ ठेवावा?

क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याच्या शेजारीच, मेट्रोचं गामेल स्ट्रान्ड स्थानक जवळ. 1848 मध्ये उघडलं. अंगणात वेलीने झाकलेला चौथरा दिसेल, तिथे थोरवाल्डसन स्वतः पुरलेला आहे. 1844 च्या मार्चमध्ये नाटकगृहात बसल्या जागीच तो गेला. दोन तास ठेवा. शक्यतो उन्हाच्या दिवशी जा आणि खिडकीतून तिरका प्रकाश येतो ती खोली निवडा. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत उठावशिल्प सपाट येतं, मग घरी गेल्यावर "काही खास नव्हतं" असं वाटतं.

घुबड आपल्याकडेच का बघतंय?

हा प्रश्न आमच्या सात वर्षांच्या भाचीचा, आणि मोठ्यांपैकी कुणाच्याही लक्षात ते आलं नव्हतं. बाईचं तोंड खाली, बाळं झोपलेली. त्या अख्ख्या वर्तुळात जागं एकच, आणि ते थेट समोर बघतंय. बाजूने दाखवलं असतं तर चोच आली असती आणि तो नुसता एक पक्षी झाला असता. मी तिला एवढंच म्हटलं की रात्री कुणीतरी जागं राहायला हवं ना. ती म्हणाली, "मग ते बाळांना बघेल ना, मला कशाला?" आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.